घरच्या वाफ्यातील कलिंगड : कोवळी फळे का गळतात आणि गोडी कुठून येते

प्रश्न : साताऱ्याजवळ आमच्या घरामागे बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद मोकळी जागा आहे. बाजारातल्या गोड निघालेल्या कलिंगडाच्या बिया गेल्या उन्हाळ्यात तिथे लावल्या. वेल भरपूर पसरले, फुलेही खूप आली. पण सुपारीएवढी झालेली फळे पिवळी पडून गळत राहिली. शेवटी जी दोन-तीन टिकली ती आतून फिकट आणि बेचव निघाली. खत कमी पडले का? यंदा काय बदलावे?

उत्तर : खत कमी पडलेले नाही. वेल भरपूर पसरले असे आपण लिहिता, त्यावरून नत्र थोडे जास्तच झाले असण्याची शक्यता अधिक आहे. आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. फळे गळणे हा परागीभवनाचा प्रश्न आहे, तर फिकेपणा हा पानांचा आणि काढणीच्या वेळेचा प्रश्न आहे. घरच्या बागेत कलिंगड फसते ते बहुतेक वेळा या दोन ठिकाणीच, आणि दोन्ही ठिकाणी खताची गोणी फारशी उपयोगाला येत नाही.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. आधी नर फुले दिसू लागतात, साधारण पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, आणि ती सगळी गळून जातात. त्यात काळजीचे काही नाही. मादी फुले आठवडाभराने सुरू होतात आणि संख्येने फारच कमी असतात, साधारण सहा-सात नर फुलांमागे एक. मादी फूल ओळखणे सोपे आहे, कारण पाकळ्यांच्या खाली बोराएवढे, मऊ लव असलेले इवलेसे कलिंगड आधीपासूनच असते. ते फळ धरले आहे असे समजून आपण खूश होतो, पण ते केवळ अंडाशय असते. परागकण पोहोचले तरच त्याचे फळ होते. नाही पोहोचले तर ते दोन-चार दिवसांत पिवळे पडून सुकते. आपल्याकडे गळलेल्या फळांपैकी बरीचशी अशी, कधी फळ झालेलीच नसलेली असावीत.

फूल एकच दिवस उमलते. सकाळी उजाडता उघडते आणि दुपारपर्यंत मिटू लागते. एवढ्या वेळात मधमाश्या किंवा इतर कीटक त्यावर यावे लागतात, आणि तेही एकदा येऊन भागत नाही. मादी फुलाच्या मध्यभागी तीन भागांचा चिकट कुक्षी असतो. त्याच्या तिन्ही भागांवर पुरेसे परागकण पडले तर सगळ्या बिया भरतात आणि फळ चहूबाजूंनी सारखे फुगते. एकाच बाजूला पडले तर फळ एका अंगाने खुरटते, वाकडे होते, आणि बऱ्याचदा वेलच ते मध्येच सोडून देतो. वस्तीत मधमाश्या कमी असतात, दोन-चार वेलांची फुले त्यांना दुरून खेचून आणू शकत नाहीत, आणि शेजारी कुणी सकाळीच कीटकनाशक फवारत असेल तर विषयच संपला.

म्हणून घरच्या बागेत हाताने परागीभवन करणे हा कलिंगडाच्या लागवडीचा नेहमीचा भाग समजावा, तो अडचणीत करायचा उपाय नव्हे. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान ताजे उमललेले नर फूल देठासह तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या कुक्षीवर, तिन्ही भागांना लागेल अशा रीतीने, हलक्या हाताने फिरवावा. एका मादी फुलासाठी दोन नर फुले वापरली तर काम खात्रीचे होते. दुसऱ्या वेलाचेच नर फूल हवे असे नाही. त्याच वेलाचे चालते. नंतर देठाजवळ रंगीत दोरा सैल बांधून कुंडीच्या पट्टीवर किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाची नोंद करावी. ही नोंद काढणीच्या वेळी फार कामाला येते. त्याविषयी पुढे लिहिले आहे. फळ धरले असेल तर तीन-चार दिवसांत ते खाली झुकते, तकतकीत दिसू लागते आणि रोज पाहणाऱ्यालाही मोठे होताना जाणवते.

लिंबाएवढे होऊन मग गळणाऱ्या फळांची गोष्ट निराळी. अशा फळावर बारीक छिद्र आणि त्यातून आलेला डिंकासारखा थेंब दिसला तर ती फळमाशी आहे. फळ निरोगी दिसूनही गळले, आणि त्याच वेलावर आधी एक-दोन फळे मोठी होत असतील, तर वेलाने स्वतःच भार कमी केला असे समजावे. एप्रिलच्या मध्यानंतर, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात पारा 40 अंशांच्या आसपास जातो तेव्हा, परागकणच कमजोर होतात आणि हाताने परागीभवन करूनही फळे धरत नाहीत. त्यामुळे फुलोरा मार्चमध्ये येईल असे पेरणीचे गणित बसवावे लागते.

आता गोडीविषयी. कलिंगडाच्या फळात स्टार्चचा साठा नसतो. आंबा किंवा केळे तोडल्यानंतर साठवलेल्या स्टार्चची साखर करू शकते, कलिंगड ते करू शकत नाही. त्याच्या गरातली सगळी साखर वेलाच्या पानांनी उन्हात तयार करून, फळ वेलावर असतानाच, देठातून पाठवलेली असते, आणि तिचा मोठा भाग शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येतो. त्यामुळे गोड फळ हवे असेल तर फळे धरण्याआधी पुरेशी पाने हवीत, ती पाने काढणीपर्यंत हिरवी आणि निरोगी राहायला हवीत, आणि त्या पानांवर जगणारी फळे कमी हवीत. गूळ-पाणी घालून, ताक घालून किंवा कुठले ‘गोडी वाढवणारे’ औषध फवारून फळ गोड होते असे सांगणारे भेटतात. मुळांतून गूळ फळात जात नाही, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

व्यवहारात याचा अर्थ असा की वेलाच्या बुडाजवळ, पहिल्या सात-आठ पानांच्या आत आलेली मादी फुले खुडून टाकावीत. मन होत नाही, पण तिथले फळ लहान, जाड सालीचे आणि पुष्कळदा वेडेवाकडे होते, आणि त्याच्या ओझ्याने वेलाची वाढ थांबते. आठव्या ते पंधराव्या पानांच्या दरम्यानची फुले फळासाठी निवडावीत. जमिनीतल्या वेलावर दोन फळे, कुंडीतल्या वेलावर एक, याहून जास्त ठेवू नयेत. दोन फळे ठेवायची असतील तर ती एकाच सुमारास धरलेली असावीत, नाहीतर आधीचे फळ नंतरच्याला वाढू देत नाही. फळे नारळाएवढी झाल्यावर पुढे येणारी मादी फुले काढून टाकावीत, परंतु पाने मात्र तोडू नयेत. छाटणीच्या उत्साहात वेल उघडावाघडा करणारे लोक स्वतःच्याच फळाची साखर कमी करतात. जागा अपुरी असेल तर मुख्य वेल आणि दोन जोमदार बगलफुटी ठेवून बाकीच्या फुटी कोवळ्या असतानाच काढल्या, तर तेवढी छाटणी पुरते.

पाण्याचेही थोडे असेच आहे. फळ लिंबाएवढे झाल्यापासून पूर्ण आकार येईपर्यंत वेलाला भरपूर आणि नियमित पाणी लागते. या काळात चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी वाफा तुडुंब भरला की फळ तडकते, किंवा फुलाकडच्या टोकाला काळपट, खोलगट डाग पडतो. हा डाग रोगाचा नसतो. पाण्याच्या ओढीमुळे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, त्याची ती खूण असते. फळाची वाढ थांबल्यावर, म्हणजे काढणीच्या आधीचे सात ते दहा दिवस, पाणी कमी करावे. कमी करावे, तोडू नये. दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर ते उन्हामुळे आहे. सकाळीही मलूल दिसली तर एकतर पाणी कमी आहे किंवा मूळ आजारी आहे. पाणी बुडाशी द्यावे, पानांवर फवारून देऊ नये.

आपल्या बियांबद्दल स्पष्ट लिहितो. बाजारात येणारी बहुतेक कलिंगडे आज संकरित वाणांची असतात, आणि संकरित फळाच्या बियांपासून येणारी पुढची पिढी आईसारखी निघेलच असे नाही. काही वेल बरे निघतात, काही अगदीच सामान्य. पूर्ण हंगामाचे कष्ट त्या जुगारावर लावू नयेत. घरच्या बागेसाठी ‘शुगर बेबी’ हा जुना, सरळ (म्हणजे संकरित नसलेला) वाण मला अजूनही सोयीचा वाटतो. गर्द हिरवे, गोल, साधारण तीन ते पाच किलोचे फळ देणारा हा वाण पेरणीपासून सुमारे पंचाऐंशी-नव्वद दिवसांत काढणीला येतो, आणि त्याचे बी आपल्याला पुढे ठेवता येते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का माणिक’ हा वाण भुरी, केवडा आणि करपा या रोगांपुढे अधिक टिकतो, चवीलाही उत्तम आहे, पण त्याचे फळ मोठे होते. जागा असेल तर तो घ्यावा. बिनबियांच्या वाणांच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यांचे बी महाग असते, उगवण अवघड असते, आणि शेजारी बियांचा वाण लावल्याशिवाय त्यांना फळच धरत नाही.

बी ठेवायचे असेल तर सर्वांत चांगल्या फळाचे ठेवावे, हे ऐकायला साधे वाटते पण पाळले जात नाही. गोव्यातील पर्रा गावच्या कलिंगडांची हकिकत मनोहर पर्रीकर आपल्या भाषणांत सांगत असत. गावचा शेतकरी हंगामाच्या शेवटी सर्वांत मोठी, उत्तम कलिंगडे मुलांना पोटभर खायला देई, मात्र बिया चावायच्या नाहीत, भांड्यात टाकायच्या, ही त्याची अट असे. पुढच्या पिढीने चांगली फळे विकायला काढली आणि मुलांना लहान फळे दिली, तेव्हा काही वर्षांतच पर्ऱ्याच्या कलिंगडाचा आकार उतरला. निवड पद्धतीचा इतका नेमका धडा शेतीशाळेतही क्वचित मिळतो. त्यात मी एवढीच भर घालीन की आसपास दुसऱ्या वाणाचे कलिंगड असेल तर बियांसाठीचे मादी फूल आदल्या संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशवीत बांधून ठेवावे, सकाळी त्याच वाणाच्या, तशाच झाकलेल्या नर फुलाने परागीभवन करावे आणि पुन्हा बांधावे. काकडी किंवा भोपळा शेजारी लावल्यामुळे कलिंगड बेचव झाले, असे अनेकजण मानतात. तो समज चुकीचा आहे. त्यांचा कलिंगडाशी संकर होत नाही, आणि दोन कलिंगडांचा झाला तरी त्याचा परिणाम बियांतून पुढच्या पिढीत दिसतो, या वर्षीच्या गरात नाही.

लागवडीची वेळ प्रदेशानुसार बदलते. कोकणात भात निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरपासून कलिंगड लावतात, कारण तिथली थंडी सौम्य असते. साताऱ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्याच गार असतात आणि गार मातीत कलिंगडाचे बी कुजते. मातीचे तापमान 20 अंशांच्या वर गेले की उगवण चांगली होते, 25 ते 30 अंशांत सर्वांत उत्तम. आपण जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरावे. म्हणजे मार्चच्या मध्यावर फुलोरा आणि एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी काढणी येते, आणि फळे वळवाच्या जोरदार सरींच्या आधी घरात येतात. पावसाळ्यात घरी कलिंगड लावण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही.

आपल्या जागेत चार वेल पुरे. जमीन भारी काळी असेल तर एक वीत उंचीचा गादीवाफा करावा, कारण पाणी साचलेल्या मातीत मूळ गुदमरते. दीड ते दोन फूट लांबी-रुंदी-खोलीचे आळे खणून त्यातल्या मातीत तिसरा हिस्सा चांगले कुजलेले शेणखत, थोडी नदीची वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेण घालू नये. चुलीची राख पालाशासाठी (पोटॅशसाठी) घालण्याची पद्धत आहे. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ती मानवते, पण देशावरच्या चुनखडीच्या, आधीच विम्लधर्मी असलेल्या मातीत राखेने उलट अडचण वाढते. वरखत पहिल्या महिन्यात एकदा गांडूळखताचे द्यावे. वेल धावू लागल्यावर युरिया किंवा नत्राचे दुसरे कोणतेही खत देऊ नये, कारण त्याने पाला आणि नर फुले वाढतात. फळे धरल्यावर पालाश मिळेल असे पाहावे.

बी दीड इंचापेक्षा खोल पेरू नये. साधे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवले तर लवकर उगवते. पाकिटातले बी गुलाबी, निळे किंवा हिरवे असेल तर त्याला औषध लावलेले असते, ते भिजवू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. रोपे करायची असतील तर ती लहान पिशवीत किंवा ट्रेमध्ये करून, दोन खरी पाने आल्यावर मुळाभोवतीची माती न फोडता लावावीत. कलिंगडाला मूळ दुखावलेले सहन होत नाही. जमिनीवर भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा वाळका पाला यांचे आच्छादन घालावे; ओल टिकते आणि फळ ओल्या मातीला टेकत नाही.

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, गच्चीवर दीड फूट व्यासाची आणि तितकीच खोल पिशवी, किंवा दोनशे लिटरचे पिंप आडवे कापून केलेला अर्धा भाग, याहून लहान भांड्यात कलिंगड लावू नये. ओल्या मातीसह अशा पिशवीचे वजन सहज शंभर किलोपर्यंत जाते, म्हणून ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवावी. वेल मांडवावर चढवला तर फळ कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून पिशवी मांडवाला बांधावी, म्हणजे ओझे देठावर येत नाही. दिवसात सहा-सात तास थेट ऊन नसेल तर त्या गच्चीवर पालेभाज्या कराव्यात.

किडींपैकी पहिली गाठ तांबड्या भुंगेऱ्यांशी पडते. रोप दोन पानांवर असताना ते पानांची चाळण करतात आणि दोन दिवसांत रोप संपवतात. फुलोरा येईपर्यंत रोपांवर बारीक जाळी टाकून ठेवणे हा सर्वांत साधा उपाय आहे. फुले दिसू लागली की जाळी काढावी. मावा आणि फुलकिडे रस शोषतात हे खरे, पण त्यांचे मोठे नुकसान विषाणू पसरवण्यात आहे. शेंडा करपून वर उभा राहिला, पाने पिवळी-हिरवी आणि आखडलेली झाली, तर तो वेल वाचत नाही. उपटून दूर न्यावा, बाकीचे वाचतील. पिवळे आणि निळे चिकट सापळे आणि आठवड्याला संध्याकाळी निंबोळी अर्काची फवारणी एवढ्यावर चार वेलांचे भागते.

फळमाशीसाठी कामगंध सापळा, म्हणजे नर माशांना वासाने ओढून घेणारा सापळा, लावताना एक चूक सर्रास होते. दुकानातून आंब्याचा, म्हणजे मिथाईल युजेनॉलचा सापळा आणला जातो, आणि वेलवर्गीय पिकांवरची माशी त्याकडे फिरकत नाही. तिला क्यू ल्युर लागते. सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून त्याच्या जोडीला फळ सुपारीएवढे असतानाच त्यावर पातळ कापडाची किंवा कागदाची पिशवी घालावी आणि साल कठीण झाल्यावर काढावी. डंख झालेली फळे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. भुरी रोग दिसला म्हणजे अनेकजण गंधक मारतात. वेलवर्गीय पिकांची पाने उन्हाळ्याच्या गरमीत गंधकाने भाजतात, आणि पाने गेली की गोडी गेली. त्याऐवजी पहिले पांढरे ठिपके दिसताच ती पाने काढून एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी यांची फवारणी सकाळी करावी, जोर वाढला तर कृषी सेवा केंद्राला वेलाचे पान दाखवून औषध घ्यावे.

काढणीची वेळ चुकली तर आधीचे सारे व्यर्थ जाते, आणि आपली फळे फिकी निघण्यामागे हेही कारण असू शकते. तोडलेले कलिंगड घरात ठेवून गोड होत नाही. शुगर बेबीचे फळ मादी फूल उमलल्यापासून उन्हाळ्यात साधारण पाच ते सहा आठवडे घेते; आपण केलेली नोंद इथे उघडावी. त्यानंतर फळाच्या देठाच्या अगदी जवळचा तणावा, म्हणजे वेलाचा दोऱ्यासारखा गुंडाळणारा तंतू, पाहावा. तो बुडापर्यंत वाळून तपकिरी झाला असेल, आणि फळाचा जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा लोण्यासारखा पिवळा झाला असेल, तर फळ तयार आहे. बोटाने वाजवून पाहण्याची परीक्षा सर्वांना ठाऊक असते: कच्चे फळ टणत्कार करते, पिकलेले बद्द वाजते. मात्र हा आवाज ओळखायला पुष्कळ फळे वाजवावी लागतात, आणि ज्याच्याकडे मोजकीच आहेत त्याने तणावा आणि डाग यांवरच विसंबावे. फळ ओढून तोडू नये. दोन बोटे देठ ठेवून सकाळी कात्रीने कापावे. गरात मधोमध भेग पडलेली दिसली तर इंजेक्शनची शंका मनात आणू नये. आपल्या घरच्या वाफ्यातल्या फळातही ती दिसते, कारण अपुरे परागीभवन आणि हवामानातील चढउतार यांमुळे गराचे भाग एकमेकांपासून सुटतात.

वेल काढल्यावर मुळे जाळून टाकावीत आणि त्या वाफ्यात पुढची तीन वर्षे कलिंगड, काकडी, दोडका, कारले यांपैकी काहीही लावू नये, कारण मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते. आपली जागा लहान आहे, म्हणून पावसाळ्यात तिथे मका किंवा चवळी घ्यावी, हिवाळ्यात कांदा-लसूण लावावा, आणि पुढच्या वर्षीचे कलिंगड जागेच्या दुसऱ्या टोकाला, नव्या आळ्यात करावे.